उजवा पाय

ती सळई विणकामाच्या सुईपेक्षाही बारीक होती, टोकाला बोथट, आणि डॉक्टरबाई ती त्याच्या डाव्या तळव्यातल्या जखमेत इतक्या हलक्या हाताने सरकवत होत्या, की जणू आत कोणी झोपलंय आणि दार वाजू नये... मग आवाज आला. टक्. बारीक आणि कठीण. त्याने तो कानांनी ऐकला; पायाकडून काहीच निरोप आला नाही.

"हाडाला लागतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हणजे?" त्याच्या बायकोने विचारलं. ती त्याच्या उशाशी पर्स छातीशी धरून उभी होती.

"जखम वरून दिसते त्यापेक्षा खोल आहे. जंतू हाडात शिरलेत का ते बघावं लागेल. एक्स-रे काढू. साखर आटोक्यात हवीच, आणि काका, हा पाय आता जमिनीला टेकवायचा नाही. अजिबात."

"पण दुखत नाही हो."

"तेच वाईट आहे."

मग त्या जखमेच्या कडेची मेलेली कातडी ब्लेडने कापू लागल्या, आणि त्या पांढऱ्या चकत्या ट्रेमध्ये पडताना तो दुसऱ्याच कोणाचं काही चाललंय तसा बघत राहिला. बुटात शिरलेला एक खडा, बस्स! दिवसभर त्याच्यावर पाय ठेवून त्याने बस चालवली होती, आणि घरी आल्यावर भिजलेला मोजा दिसला तो बायकोला. "खडा माझा, पाय माझा, तुझं काय जातंय?" असं तेव्हा तो हसून म्हणाला होता. हिवाळा सरला तरी जखम भरली नव्हती. वरून सुकायची, आतून ओलीच.

"उजव्या पायालाही जपा," निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरी डोळे मिटून बसायचं, काकूंनी एकेका बोटाला हलकेच हात लावायचा आणि तुम्ही सांगायचं कुठलं ते."

"म्हणजे या वयात परीक्षा," तो म्हणाला. बायको हसली नाही.

टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि त्याने मनातल्या मनात सौदा सुरू केला. डेपोत त्याला सगळे 'लोणी' म्हणत – ब्रेक असा दाबायचा की काचेला डोकं टेकून झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये. ते सगळं उजव्या पायाचं. डावा काय, नुसता क्लचपुरता. आणि नव्या गाड्यांना तर क्लचच नाही, डाव्याने पाहुण्यासारखं बसून राहायचं. जखम भरेल, नाहीतर... तो शब्द घशापर्यंत आला आणि त्याने तो गिळला... नाहीतरही, अगदी तसं झालं तरीही, उजवा आहे. माझा उजवा शाबूत आहे. सगळं जाण्यापेक्षा अर्धं गेलेलं परवडलं. एकदा हे ठरल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि लगेच शरमही वाटली – तोडून कुत्र्यापुढे टाकावा तसा आपलाच पाय आपण टाकून आलो, इतक्या चटकन!

दुपारी तो खुर्चीत बसला, डावा पाय स्टुलावरच्या उशीवर, उजवा मोकळा. बायको समोर जमिनीवर बसली.

"मिटा डोळे. लबाडी नको."

पापण्यांआड तांबूस अंधार. खालच्या रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. आणि मग स्पर्श झाला, स्पष्ट, हलका, तिच्या बोटांचा, तो आपण नाही ओळखणार तर कोण...

"अंगठा."

मग दुसरा.

"करंगळी. आता मधलं." त्याला गंमत वाटू लागली. "परत अंगठा. पैकीच्या पैकी, काय?"

त्याने शाबासकीसाठी हनुवटी पुढे केली.

"अगं, बरोबर ना?"

"अहो," तिचा आवाज खालून नव्हे, मागच्या कपाटाजवळून आला. "मी अजून हातच लावला नाहीये. चष्मा शोधतेय."

तो हसला. डोळे मात्र त्याने उघडले नाहीत. हसू ओठांवरच राहिलं आणि त्याखाली काहीतरी संथपणे सरकायला लागलं... पेडलवर पाय ठेवला की तळव्याखाली जे मऊ दबायचं, ते तळवा मला सांगत होता, की मीच तळव्याला सांगत होतो? कधीपासून? मागे झोपलेली माणसं, मांडीवर पिशवी धरून बसलेल्या म्हाताऱ्या, दाराशी लोंबकळणारी शाळेची पोरं – ही सगळी कोणाच्या भरवशावर चालली होती?

ती परत येऊन बसल्याचं बांगड्यांवरून कळलं.

"हं, आता लावलाय. सांगा."

पाचही बोटं एकदम 'मी, मी' म्हणू लागली. पाय गप्प असता तर एक वेळ चाललं असतं. हा तर बोलत होता, न थांबता, खात्रीने.

"सांगा ना."

उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं, नेहमीसारखं ठाम, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या ठामपणाची भीती वाटली.