पाटावर मांडलेला व्हेप

मित्रांनो, मी एक जुना व्हेप आहे, आणि माझ्या जातीचा नवा व्हेप आता कुठेही तयार होत नाही. 'मित्रांनो' हे आपले म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी कुणी माझ्याशी मैत्री करावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण कहाणी सांगायची तर कुणाला तरी हाक मारावी लागते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोलादी अंग, वर काचेची छोटी टाकी, आत बॅटरी आणि तिच्या डोक्यावर कॉइल. कॉइलभोवतीचा कापूस टाकीतले निकोटीनचे पाणी शोषतो, कॉइल तापते, वाफ होते आणि माणूस ती ओढतो. बस, एवढेच माझे शास्त्र. माझ्या खोक्यावर मात्र असे वर्णन छापले होते की वाचणाऱ्याला वाटावे, मी माणसाला चंद्रावर नेणार आहे. खोक्यावर काहीही छापतात आणि माणसे ते वाचून पाकीट काढतात.

मला विकत घेणाऱ्याचे नाव ज्ञानेश. मूळचा नागपूरचा, आता परदेशात, लिक्सलिप गावच्या कॉम्प्युटर-चिप बनवणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनिअर, राहायला बायकोसह नावन गावात. तो सिगारेट ओढायचा. एका हिवाळ्यात त्याचा खोकला थांबेना, तेव्हा मेधाने, म्हणजे त्याच्या बायकोने, आपले पांघरूण उचलले आणि ती दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. भांडली नाही, रडली नाही. त्याच आठवड्यात ज्ञानेश दुकानात आला आणि मला घेऊन घरी गेला.

"आधी कडक लिक्विड, मग मध्यम, मग हलकं, मग बिननिकोटीनचं," त्याने मेधाला समजावले.

"आणि मग?"

"मग काहीच नाही. संपलं."

"ग्रँड," मेधा म्हणाली; इकडे 'ठीक आहे'ला असेच म्हणतात. "बघू."

खरे सांगतो, पहिली काही वर्षे तो माणूस दिलेल्या शब्दाला जागला. सिगारेटला त्याने पुन्हा हात लावला नाही. सकाळी गाडीत मी त्याच्या शेजारी असायचो. प्लांटच्या आत मला प्रवेश नव्हता, तिथे माणसाच्या श्वासातल्या कणांचाही विटाळ, म्हणून मी दिवसभर लॉकरमध्ये त्याच्या बुटांजवळ पडून असायचो. संध्याकाळी घरामागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, रिमझिम पावसात टोपी ओढून तो उभा राहायचा आणि माझ्यातून दोन झुरके घ्यायचा. एवढा शिकलेला माणूस डब्यांशेजारी भिजत उभा आहे, हे दृश्य मी रोज पाहिले. आदर वाटण्यासारखे ते नव्हते.

माझे कौतुक मात्र फार झाले. बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात ऑफिसची पार्टी होती. तिथे ज्ञानेश त्याच्या पियूष नावाच्या मित्राला मला हातात देऊन म्हणाला, "यार, बघ ना. एकदाही गळला नाही. एकदाही जळका वास नाही. असा पीस परत होणे नाही." मेधा तिथेच उभी होती. तिने केलेल्या साबुदाणा वड्यांबद्दल हा माणूस इतका भरभरून कधी बोलला नव्हता. मी मात्र फुगलो. स्तुती ऐकून फुगायला अक्कल लागत नाही, बॅटरी पुरते.

हळूहळू तो खाली उतरत गेला. कडक सुटले, मध्यम सुटले. मागच्या उन्हाळ्यात तो सगळ्यात हलक्या लिक्विडवर होता आणि तेही दिवसातून जेमतेम दोनदा. मेधा दोघांच्या खोलीत परत आली होती. एकच पायरी उरली होती.

तेवढ्यात तो, अधूनमधून बदलाव्या लागतात म्हणून, नव्या कॉइल आणायला नावनच्या दुकानात गेला. दुकानातली ऑर्ला नावाची बाई मला ओळखायची. तिने हात वर केले.

"ते गेलं, लव्ह. डिस्कंटिन्यूड. कॉइलसुद्धा येणार नाहीत. कंपनीचा तो माणूस, युअर मॅन, कालच सांगून गेला. ही शेवटची, घेऊन ठेव."

मित्रांनो, या ठिकाणी एखाद्या शहाण्याने थँक्स म्हणून घर गाठले असते. ज्यातून बाहेर पडायचे, त्याचे दुकानच बंद होत होते. यापेक्षा सोपे आणखी काय हवे? पण आमचे साहेब इंजिनिअर पडले! त्यांना चांगला, भरवशाचा, टिकाऊ पर्याय हवा होता.

त्यांच्या प्लांटमध्ये एक रीत आहे. नवे यंत्र आले की ते लगेच कामाला जुंपत नाहीत. जे जुने यंत्र बिनचूक चालते त्याला प्रमाण मानतात आणि नव्याचे काम त्याच्या कामाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहतात. जुळले तर ठेवायचे, नाहीतर परत. रीत उत्तम आहे. पण या गृहस्थाने ती उचलून घरी आणली. मला प्रमाण ठरवले, शेवटची कॉइल प्रेसमधल्या डब्यात जपून ठेवली, आणि मागच्या खोलीतल्या फळीवर एकेक नवा व्हेप आणून उभा करू लागला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि दोन वर्षांत मराठी माणूसही तसेच म्हणू लागतो.

काय एकेक नग होते! एकाच्या अंगावर लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई. ओढले की लाल, सोडले की निळा. दुसऱ्याला चक्क पडदा होता आणि त्यावर एक माकड नाचायचे. बापाच्या वयाच्या माणसाने ते खिशात घालून मीटिंगला जायचे. तिसरा दिसायला गंभीर, पण पहिल्याच दिवशी गळला आणि ज्ञानेशच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर आंब्याच्या वासाचा डाग पाडून मोकळा झाला. आंबाही असा की एकदा हुंगला तर कोकणातला माणूस आंबा खायचे सोडून देईल. चौथा एवढासा, तोंडात धरला तर पेनचे टोपण चघळल्यासारखा. मी फळीच्या कडेला उभा राहून या पोरकट गर्दीकडे बघत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. माझ्या जागेवर हे बसणार?

ज्ञानेश प्रत्येकाला वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवी. मग एक झुरका नव्याचा, एक माझा. पुन्हा नव्याचा, पुन्हा माझा. सकाळी वेगळा निकाल, थंडीत वेगळा, जेवणानंतर वेगळा, म्हणून पुन्हा ताडून बघायचे. या छोट्या नव्यांमध्ये हलके लिक्विड नीट चालत नाही, म्हणून कडक आणले. आणि तुलना बरोबरीची हवी म्हणून माझ्या टाकीतही कडकच ओतले! दिवसातून दोनदा ओढणारा माणूस आता तासातासाला मागच्या खोलीत जाऊ लागला. चार वर्षांत उतरलेल्या सगळ्या पायऱ्या तो दोन महिन्यांत चढून वर गेला, आणि वर तोंड करून मेधाला सांगत होता, "मी वापरत नाहीये गं, टेस्ट करतोय."

मेधाने पुन्हा पांघरूण उचलले.

गणपती झाल्यावर ज्ञानेशची आई, विभावरीताई, नागपूरहून राहायला आल्या. दुसऱ्याच दिवशी त्या मागच्या खोलीत कपडे धुवायला आल्या आणि फळीसमोर थबकल्या.

"हे काय मांडून राहिला रे, ज्ञानू?"

ज्ञानेशने क्षणभरही विचार केला नाही. "प्लांटची उपकरणं आहेत, आई. टेस्टिंगसाठी घरी आणलीत."

"असं काय," त्या म्हणाल्या. "महाग असतील."

"हो, खूप. हात नको लावूस."

चाळिशीतला, दोन पदव्या असलेला माणूस आईशी असे खोटे बोलत होता, आणि आम्ही सगळे प्लांटची उपकरणे बनून मुकाट उभे होतो. माकडवालासुद्धा.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी रविवार होता. विभावरीताईंनी भल्या सकाळी देवाच्या प्रेससमोर पाट मांडले, रांगोळी काढली आणि घरातली झाडून सगळी हत्यारे गोळा केली. ज्ञानेशचा लॅपटॉप, मेधाची शिवणाची कात्री, सुऱ्या, स्क्रू-ड्रायव्हर. गवत कापायचे यंत्र आत मावेना म्हणून बाहेरच जाऊन त्याला कुंकू लावून आल्या. झेंडू मिळाला नाही, तेव्हा सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती आणली होती. आणि मग त्यांनी मागच्या खोलीतून आम्हाला आणले. पट्ट्यांसकट, ओळीने, पाटावर. प्रत्येकाला हळद, कुंकू, अक्षता आणि एक फूल.

ज्ञानेश आंघोळ करून आला आणि तिथेच खिळला.

"आई, हे नको. हे लागतात मला."

"आज कोणी हत्यार वापरते का? पोटाला देणारी उपकरणं आहेत तुझी. आज त्यांनी आराम करायचा. उद्या दसऱ्याची आरती झाली की उचल."

त्याने मेधाकडे पाहिले. मेधा निरांजनात तूप घालत होती आणि दाबलेल्या हसण्याने तिचे खांदे हलत होते. खरे सांगायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने हात जोडले. मित्रांनो, जगात माणसे कशाकशापुढे हात जोडतात ते मी ऐकून होतो. माझ्यापुढे जोडलेले हात पाहून मला त्याची दया यायला हवी होती. मला शिसारी आली.

दुपारपर्यंत त्याने तग धरला. मग त्याचा पाय हलू लागला. वरण गार आहे म्हणून तो मेधावर खेकसला. टीव्ही लावला, बंद केला. दोनदा पाटाशी येऊन उभा राहिला, दोन्ही वेळा आई शेजारी वाती वळत बसलेली. शेवटी कोट चढवून म्हणाला, "दूध आणतो," आणि गाडी घेऊन पेट्रोल पंपाच्या दुकानात गेला.

परत आला तेव्हा त्याचा एक हात कोटाच्या खिशात होता. आई अजून तिथेच बसली होती.

"दूध कुठं आहे?" तिने विचारले.

तो दूध विसरला होता.

विभावरीताईंनी वात खाली ठेवली. "तुझे बाबाही दुधालाच जायचे," त्या म्हणाल्या. "आणि तोंडात खर्रा भरून यायचे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं रे, ज्ञानू. तंबाखूच्या माणसाजवळ सत्तावीस वर्षं राहिली मी. मला तू उपकरण सांगून राहिला?"

"आई, हे खर्र्यासारखं नाहीये. हे सिगारेटपेक्षा..."

"असेल. तुला जास्त समजते. मी वेगळं सांगून राहिली." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आपल्या चौकातला पानठेला आठवतो? बाबा त्याच्याचकडचा खर्रा खायचे. म्हणायचे, याचा माल चांगला आहे, भरवशाचा आहे, काही होत नाही. मग एक दिवस त्यानं ठेला बंद केला आणि गावी गेला. मला वाटलं, देव पावला. आता सुटते. आणि बाबा सायकल काढून साऱ्या नागपुरात तसाच खर्रा घोटणारा शोधत फिरले. सापडला त्यांना. फार चांगला सापडला. पुढचं तुला माहीत आहे."

ज्ञानेशला माहीत होते. बाबांचा जबडा काढला तेव्हा दवाखान्यात तोच होता.

"तू तर निघाला होता ना यातून?" आई म्हणाली. "दार आपोआप उघडलं होतं. मग परत आत काहून घुसला?"

मेधा दारात उभी होती. मग ज्ञानेशने खिशातला हात बाहेर काढला. हातात सिगारेटचे पाकीट होते, वरचा प्लॅस्टिकचा कागदही फाडलेला नव्हता. ते त्याने खाली वाकून आमच्या ओळीत, माझ्या शेजारी ठेवले.

विभावरीताईंनी त्यालाही कुंकू लावले. "आता यालाही हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

दसऱ्याची आरती झाली. लॅपटॉप उचलला, कात्री उचलली, सुऱ्या उचलल्या. माझी खात्री होती की सगळ्या नव्यांना हाकलून हा मला उचलणार, शेवटची कॉइल बसवणार आणि पुन्हा माझे गुणगान करणार. त्याने मला उचलले खरे. टाकी धुतली, पुसली, बॅटरी काढली. मग आम्हा सगळ्यांना एका पिशवीत घातले, वरून ती कोरी कॉइलही टाकली, आणि नावनच्या सुपरमार्केटच्या दारातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत नेऊन सोडले. पाकीट मेधाने कचऱ्याच्या डब्यात टाकले. पेटीशी तो थोडा थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो बरा झाला, असे मी म्हणणार नाही. पुढचे दिवस त्याला वाईट जाणार होते आणि ते त्याला दिसत होते. तरी तो दुकानात शिरला, दूध घेतले आणि गाडीकडे गेला.

इतकी वर्षे मी या माणसाला हसलो. त्याच्या पट्ट्यांना, त्याच्या खोट्याला, त्याच्या जोडलेल्या हातांना. नव्या व्हेपांना तर मी आजही हसतो, माकडवाला इथेच माझ्याखाली दबून पडला आहे. पण त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता की ते गळके आणि मी भरवशाचा, आणि भरवशाचा होतो म्हणूनच मी त्याला जास्त घट्ट धरून ठेवले होते. सगळ्यात हलका माल निघालो तो मीच.

मित्रांनो, जुन्या वस्तू निरोप घेताना आपली निगा राखा म्हणून विनवतात. मी विनवणार नाही. माझी निगा राखू नका, मला पुसू नका, माझी आठवण काढू नका. आणि माझ्या जागी दुसरा चांगला शोधत दुकानोदुकानी फिरू नका. चांगला सापडेल, हीच त्यातली भीती आहे.