उजेडाच्या आड आलेला पत्रा

संध्याकाळी सात वाजता टेकडीच्या वळणावर दुधाची गाडी रस्ता सोडून चरात उतरली. माणूस बचावला, दूध गेलं. समोरून येणारी छोटी गाडी नर्सबाईंची होती, आणि तिचे पुढचे दिवे त्याच दुपारी त्यांच्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बसवले होते.

नवऱ्याला सगळे ऑपरेटर म्हणत. सिनेमाचं थिएटर बंद पडून तिथे फर्निचरचं गोदाम झालं, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. उभी हयात त्यांनी मशीनच्या खोलीत घालवली होती. पडद्याचा कोपरा जरा मंद दिसला, तर खाली कुणाच्या लक्षात येण्याआधी यांचा हात मशीनमधल्या दिव्यामागच्या आरशाकडे गेलेला असे.

बाई टेकडीवरच्या वस्त्यांमध्ये बाळंतपणं करायला जात. बोलावणं बहुधा दिवस कलताना यायचं, आणि गाडीचे जुने दिवे असे, की त्यापेक्षा काजवे बरे. "रस्ता दिसत नाही, अंदाजाने चालवते," त्या म्हणाल्या होत्या. "असंच राहिलं तर वरचं काम सोडून देईन. पोटुशीकडे पोचायच्या आधी मीच कुठेतरी आडवी व्हायची."

बाईंच्या धाकट्या भावाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मागच्या खिशात कायम पक्कड, म्हणून नावही पक्कडच. सख्खी आईसुद्धा त्याच नावाने हाक मारी. त्याने बॉनेट उघडून पाहिलं.

"ताई, नुसते बल्ब बदलून भागायचं नाही. प्रोजेक्टर बसवावे लागतील. गाडी सोडून जा माझ्याकडे."

ऑपरेटरांनी तो एकच शब्द उचलला. "काय बसवावे लागतील?"

"प्रोजेक्टर. भिंगाचे दिवे असतात, भावजी."

"प्रोजेक्टर तू मला सांगतोस? तू रांगत होतास तेव्हा मी हाउसफुल्ल चालवत होतो."

"तो वेगळा, हा वेगळा."

"दिवा, आरसा, भिंग. वेगळं काय त्यात? तुझ्याकडे गाडी सोडायची म्हणजे आचाऱ्याने खाणावळीत जेवायला जाण्यासारखं."

"जेवा मग घरीच," पक्कड म्हणाला. "पोट बिघडलं तर दुकान उघडंच आहे."

ऑपरेटरांनी स्वतःच दिव्यांची जोडी आणली. पुसल्याशिवाय भिंग चढवायचं नाही, ही ऑपरेटरांची जुनी शिस्त. त्यांनी दोन्ही दिवे उघडले आणि कपाळाला हात लावला. भिंग आणि दिवा यांच्यामध्ये, बरोबर उजेडाच्या वाटेत, एक काळा पत्रा उभा होता. अर्धी वाट अडवून. वाहतुकीत भिंग हलू नये म्हणून घातलेला असणार, असं त्यांनी ठरवलं. अर्धा पडदा अंधारात गेला तर प्रेक्षक शिट्ट्या मारून छत उचलतात. त्यांनी स्क्रू काढले, पत्रे काढले, आणि ऑपरेटर काही फेकत नसतो म्हणून डब्यात ठेवले. मग गॅरेजच्या भिंतीवर उजेड टाकून पाहिला. भिंत काठोकाठ भरली. कोपरे, छत, छताखालची कोळ्याची जाळी, सगळं सारखं उजळलं.

"पाहिलंस?" ते बायकोला म्हणाले होते.

"पाहिलं हो," बाई म्हणाल्या होत्या, आणि खरोखर खूश होऊन कामाला निघाल्या होत्या.

आता त्या परत आल्या होत्या त्या चरातल्या दूधवाल्याला बरोबर घेऊन. त्याच्या कपाळाला पट्टी त्यांनीच बांधली होती.

"सूर्य उगवला," दूधवाला म्हणाला. "मग काहीच नाही. ना रस्ता, ना माझे हात. देव भेटला म्हणायचं, तर चरात भेटला."

बाईंनी गाडीची किल्ली गॅरेजच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. आवाज चढवला नाही. "अहो, मी माणसं जगात आणायला जाते. घालवायला नाही. वरच्या वस्त्यांना कळवते, दुसरी कुणी बघा म्हणून."

वरच्या वस्तीतल्या एका बाईचे दिवस भरत आले होते, हे ऑपरेटरांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पक्कड आपणहून आला. "काय भावजी? थिएटर बंद पडलं म्हणून रस्त्यावर खेळ लावलात?" मग त्याने गॅरेजचा दरवाजा ओढला, दिवे लावले, आणि त्याचं हसणं थांबलं. "कड कुठे गेली?"

"कसली कड?"

"उजेडाची. वर अंधार, खाली उजेड, मध्ये रेघ. आत पत्रा असतो ना, त्याची."

ऑपरेटरांनी डबा आणला. पत्रा हातात धरून ते बघत राहिले. त्याची वरची धार एका बाजूला जराशी पायरी घेऊन चढत होती. कुणीतरी ती विचार करून कापली होती.

"पण हा तर खालचा उजेड अडवतो," ते म्हणाले, आणि वाक्य संपायच्या आत त्यांचं त्यांनाच कळलं. भिंग चित्र उलटं करतं. म्हणून तर आयुष्यभर त्यांनी फिल्म डोक्यावर उभी करून चढवली होती. खाली अडवलेलं वर अंधार होऊन पडतं. समोरच्याच्या डोळ्यांवर.

पत्रे त्यांनीच परत बसवले. पक्कडने ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं नाही. दिव्यांचा रोख लावायचं मात्र त्याने आपल्याकडे ठेवलं. "गाडी रिकामी नको. ताई, तू बस सीटवर. तुझी पेटी न् ऑक्सिजनचा सिलिंडर मागे ठेव. मागे वजन पडलं की नाक वर होतं." बाई कुरकुरत बसल्या. भिंतीवर खडूची आडवी रेघ निघाली, पक्कडने स्क्रू फिरवला, दिवे लागले.

ऑपरेटर उभे होते तिथेच खाली टेकले.

भिंतीच्या खालच्या भागात पांढरा उजेड भरला होता, आणि वर अंधार होता. साधा नव्हे, कापून ठेवल्यासारखा. दोघांच्या सीमेवर निळसर, केसाएवढी धार. एका टोकाला ती पायरी चढत होती, रस्त्याकडेची पाटी आणि चालणारा माणूस दिसावा म्हणून. हे चित्र होतं. त्या एवढ्याशा पत्र्याची धार भिंगातून येऊन भिंतभर उभी राहिली होती. या प्रोजेक्टरमध्ये फिल्म होती, फक्त तिच्यावर अंधार काढलेला होता. जन्मभर त्यांनी अंधार हटवला. तो इतक्या जपून कुणासाठी तरी ठेवता येतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"भावजी, उठा. पिक्चर संपला," पक्कड म्हणाला, पण हळूच.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. वरच्या वस्तीतून. कळा सुरू झाल्या होत्या, आणि बाहेर दिवेलागण झाली होती. बाईंनी खिळ्यावरच्या किल्लीकडे पाहिलं.

"वळणावर समोरून कुणी आलं तर?"

"मी उभा राहतो तिथे," ऑपरेटर म्हणाले. "मला दिसलं नाही तर हात वर करीन. तू मागे फिर."

पक्कडच्या मागे स्कूटरवर बसून ते पुढे गेले आणि चरातल्या चाकाच्या खुणेपाशी, जिथे दूधवाला होता तिथे, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. गाडी सपाटीवरून आली. उजेड त्यांच्या चपलांवर चढला, गुडघ्यांवर आला आणि पट्ट्यापाशी थांबला. त्याच्या वर छातीशी धरलेले त्यांचे हात होते, अंधारात, पण दिसत होते. समोरची काच दिसत होती. काचेमागे बायको होती.

त्यांनी हात वर केला नाही. बाई थांबल्या नाहीत; एकदा हॉर्न वाजवला आणि वळून गेल्या.

"ताई उद्यापासून जाणार का पुन्हा?" पक्कडने विचारलं.

"आज जाते असंही कुठे म्हणाली होती? गेली."

टेकडीवर ती निळसर धार एकेक वळण चढत गेली आणि वरच्या वस्तीत एका दारासमोर थांबली. दिवे मालवले गेले. दोघे तिची वाट बघत अजून वळणावरच आहेत. गाडी अजून खाली निघालेली नाही.