पेडलवर कुणीतरी हवं

मिस्त्रीने मागच्या चाकाशी बसून नळीचं एक टोक ब्रेकच्या निपलला, हवा सुटायच्या तोंडाला, लावलं, दुसरं बाटलीत सोडलं आणि तो गुडघ्यावर हात टेकत उठून स्वतःच पेडल दाबायला गेला. ब्रेकमधली हवा काढणं हे खरं तर दोघांचं काम. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून ‘दाब, धर, सोड’ म्हणायचं. पाय पोचायला लागले तेव्हापासून पेडलवर लेक असायची.

दोन वर्षांपूर्वी ती परगावी नोकरीला निघाली. गॅरेज कोण बघणार, म्हणून हा भडकला आणि बोलून गेला, “अडलीस तर माझ्या दारात येऊ नकोस.” लेक बापाच्याच वळणावर गेलेली. ना आली, ना फोन केला. याचाही हात फोनकडे जायचा आणि तसाच मागे यायचा.

आज फोन वाजला. तिचं नाव पाहून त्याने हात पुसले, मग पुन्हा पुसले.

“बाबा, गाडीचं ब्रेक ऑइल खाली गेलंय. डॉट तीन घालू की चार?”

“झाकणावर काय लिहिलंय?”

“चार.”

“मग चारच. तीन लवकर उकळतं, उतारावर ब्रेक दगा देतो. आणि पाच कुणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस. ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. शिवाय खाली का गेलं तेही बघ. पॅड झिजले असतील, नाहीतर गळत असेल.”

ती नुसती ‘हं, हं’ करत राहिली. सांगण्यासारखं संपलं.

“ठेवते मग.”

“ठेव.”

त्याची नजर ऑइलच्या डब्यांच्या फळ्यांवर गेली. तीन खाली, चार मधे, पाच सगळ्यात वर, चुकूनही हात जाऊ नये म्हणून. फळ्यांवरचे आकडे लेकीनेच दुसरीत असताना रंगवले होते. कुठल्या गाडीला कुठलं आणि का, हे ती गिऱ्हाइकांना पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवायची.

मिस्त्रीला रडू आलं. मग त्याने फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

“ते ऑइल हवेतलं पाणी धरतं,” तो म्हणाला. “जुनं झालं असेल. रविवारी मीच येतो बदलायला.”

“बाबा, ऑइल पहिल्यापासून वरच्या रेघेलाच आहे.”

“असू दे. तू पेडलवर बस.”