डबा परत नको करूस

कमलच्या माळ्यावर आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांची चळत छताला टेकली होती, आणि त्यातला एकही तिनं विकत घेतलेल्या आईस्क्रीमचा नव्हता. सगळे समोरच्या विमलाताईंकडून आलेले. दिवाळीचा फराळ असो, गणपतीचे मोदक असोत की त्यांच्या मुलाच्या, नितेशच्या वाढदिवसाची बिर्याणी, जे यायचं ते अशाच डब्यात यायचं. देताना विमलाताई न चुकता म्हणायच्या, "डबा परत नको करूस गं, प्लास्टिकचाच तर आहे." बारा वर्षं हे चाललं होतं. बाई मनानं किती मोठी, असं कमल इमारतभर सांगत फिरायची.

इमारत दहिसरची, चेकनाक्याजवळची. चौथ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर. एकात विमलाताई, मूळच्या मालवणकडच्या, तोंडानं गोड. दुसऱ्यात कमल, जालन्याकडची, आणि तिची नोकरी करणारी मुलगी संघमित्रा. कमलचं दार उघडलं की समोरच्या भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर दिसे. बेल वाजवणाऱ्याला या घराची ओळख विचारावी लागत नसे.

सुरुवातीला कमल ते डबे धुऊन परत न्यायची. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे तिला आईनं शिकवलं होतं. म्हणून एकदा तिनं शेंगदाण्याची चटणी भरून नेली. विमलाताई म्हणाल्या, "राहू दे गं, आमच्याकडे तिखट कोणी खात नाही." ज्या घरातल्या मसाल्याच्या खाटानं अख्खा मजला खोकायचा, त्या घरात तिखट कोणी खात नव्हतं! कमलनं तेही खरं मानलं. माणसाला खरं मानायचंच असलं की तो काहीही मानतो.

संघमित्रा मानत नसे. "आई, खालच्या मजल्यावरच्या सुलक्षणाकाकूंना विमलाकाकू काचेच्या बाऊलमध्ये देतात. बाऊल परत येतो, त्यात खीर येते, ती खातात. आपल्यालाच फेकायचे डबे का?"

"आपल्याला धुऊन परत द्यायचा त्रास नको म्हणून."

"आपल्या घरात गेलेलं भांडं त्यांना चालत नाही म्हणून. आपली जात चालत नाही, आई. सरळ आहे."

"तुझ्या डोक्यात नुसतं विष भरलंय," कमल म्हणायची आणि मिक्सर चालू करायची.

डबे टाकवेनात, म्हणून मशरूम आले. बचत गटात कुणीतरी प्रशिक्षण दिलं, धिंगरी मशरूम घरच्या घरी, जागा थोडी, खर्च थोडा, भांडं कसलंही चालतं. कमलचे डोळे चमकले. तिनं तबेल्यातून पेंढा आणला, भिजवला, गरम पाण्यातून काढला आणि मुठीत दाबल्यावर एखादाच थेंब गळेल इतका निथळवला. स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून विमलाताईंच्या डब्यांना भोकं पाडली. मग पेंढ्याचा एक थर, बियाण्याचा एक थर, असं दाबून भरून डबे पलंगाखालच्या अंधारात सरकवले. संघमित्रा नाक दाबून झोपायची. पेंढा सगळा पांढऱ्या बुरशीनं बांधला गेल्यावर कमलनं डबे खिडकीशी मांडले आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारत राहिली. एका सकाळी प्रत्येक भोकातून छोट्या छोट्या करड्या छत्र्यांचे झुपके बाहेर आले होते. कमल त्यांच्यासमोर फतकल मारून बसली आणि लहान पोरीसारखी हसली. नवरा गेल्यानंतर त्या घरात असं हसू ऐकू आलं नव्हतं.

पहिली तोडणी विमलाताईंची, हे तिनं मनात कधीच ठरवलं होतं. डबे त्यांचे, तर पहिला मान त्यांचा. तिनं भाजी केली, ओलं खोबरं वाटून, तिखट बेतानं घालून. आणि फळीवरून आईचा कडीचा डबा काढला.

स्टीलचा जाड डबा. झाकणावर कोरलेलं, 'चि. कमल हिस आईकडून सप्रेम'. आईला अक्षर येत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपलेल्या त्या बाईनं दुकानदाराकडून नाव दोनदा वाचून घेतलं होतं, लेकीच्या लग्नात चूक नको म्हणून. या डब्यात कमलनं आजवर कुणाला काही दिलं नव्हतं.

"आजीचा डबा?" संघमित्रा दारात आडवी उभी राहिली. "आई, नको. परत येणार नाही तो."

"येईल. आणि रिकामा यायचा नाही, बघ तू."

"आणि नाहीच आला तर?"

"तर तू म्हणशील ते खरं," कमल म्हणाली. "मग मी पुन्हा त्या दाराची बेल वाजवणार नाही."

बोलून गेली आणि तिनं जाऊन समोरची बेल दाबली. "तुमच्याच डब्यांत उगवलेले मशरूम आहेत," ती म्हणाली. विमलाताईंनी डबा कडीला दोन बोटांत धरून घेतला. "अगं बाई, कशाला एवढा त्रास? आज माझा उपास आहे गो, पण नितेश खाईल हं."

मग वाट बघणं सुरू झालं. लिफ्ट वाजली की कमलचे कान दाराकडे. संघमित्रा ऑफिसातून आली की आधी ओट्याकडे बघायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "आला?" नंतर विचारणंही सोडलं, नुसती बघायची. ते बघणं कमलला जास्त झोंबायचं. विमलाताई लिफ्टमध्ये भेटल्या, पाण्याच्या प्रेशरबद्दल बोलल्या, डब्याबद्दल अवाक्षर नाही. बेसन भाजत असतील, कमलनं स्वतःला समजावलं. सणाच्या आधी करायचे असतील लाडू. उगीच कशाला घाई करा.

दुसरी तोडणी संपल्यावर डब्यांतला पेंढा भुगा झाला. तो इमारतीच्या झाडांना घालावा म्हणून कमल दुपारी खाली उतरली. पंपाच्या खोलीमागे वॉचमन माणिक मांजरांना दूध घालत होता. दोन मांजरं डब्यात तोंड खुपसून चाटत होती. झाकण बाजूला उताणं पडलं होतं. कमलनं ते उलटं केलं. 'चि. कमल हिस'.

"हा कुठला रे?"

"चौथ्या माळ्याच्या विमला मॅडमनी दिला ना," माणिक सहज म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. "भाजीसकट दिला. म्हणाल्या, मांजरांना घाल, डबा पण तुलाच ठेव, वर नको आणूस. भाजीला तर मांजरांनीसुद्धा तोंड लावलं नाही, मी कचऱ्यात टाकली. पण डबा एकदम मजबूत आहे."

"माझा आहे," कमल म्हणाली. तिनं दूध झाडाच्या बुंध्यात ओतलं. मांजरं तिच्या पायांत घोटाळली, एक गुरगुरलं.

घरी आल्यावर तिनं डबा घासला. पुन्हा घासला. नखं दुखेपर्यंत त्या कोरलेल्या अक्षरांतून बोट फिरवलं. रडू आलं नाही, लाज आली, आणि लाज आपल्याला का यावी या विचारानं अंगाची लाही लाही झाली. संताप विमलाताईंचा होता, पण त्याहून मोठा स्वतःचा होता. बारा वर्षं ही बाई तोंडावर दार लावत होती आणि आपण त्या दाराची वाखाणणी करत फिरत होतो! आणि आता संध्याकाळी संघमित्रा येणार, ओट्याकडे बघणार. ती काही बोलणार नाही. ते न बोलणं आयुष्यभर पुरणार.

कमलनं चप्पल घातली आणि स्टेशनजवळच्या मिठाईवाल्याकडून बेसनाचे लाडू आणले. खोका रस्त्यातच टाकून दिला. दोन लाडू मुद्दाम जरा फोडले, घरचे वाटावेत म्हणून. डबा भरला, कडी लावली आणि ओट्यावर मधोमध ठेवला.

संघमित्रा आली. बघितलं. पर्स खांद्यावरच होती.

"विमलाताईंनी आणून दिला," कमल म्हणाली. "बघ. रिकामा नाही आला."

पोरीनं झाकण काढलं, एक लाडू उचलला, खाल्ला. तिचे डोळे भरून आले. "चुकलेच मी, आई," ती म्हणाली. "तुला किती बोलले." जिंकल्यासारखं वाटेल असं कमलला वाटलं होतं. तसलं काही वाटलं नाही.

आणि ती काही म्हणायच्या आत संघमित्रा वळून बाहेर गेली आणि तिनं समोरची बेल दाबली.

"संघमित्रा, अगं थांब!"

दार उघडलं होतं. कमल आपल्या उंबऱ्यात उभी राहिली, ना पुढे ना मागे.

"काकू, थँक यू. लाडू मस्त झालेत."

"कुठले..." विमलाताई म्हणाल्या. त्यांची नजर पोरीच्या खांद्यावरून कमलकडे आली, कमलच्या मागे ओट्यावर चकाकणाऱ्या डब्यावर गेली आणि परत कमलवर थांबली. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. कमलनं फक्त एवढंच मागितलं, मनातल्या मनात, की त्यांनी मान खाली घालावी. क्षणभर. बाकी काही नको.

विमलाताई हसल्या. "अगो, त्यात काय एवढं! साजूक तुपातले आहेत. माझ्या सासूची पद्धत."

"सॉरी काकू, मी तुमच्याबद्दल खूप वाईट विचार केला होता. खरंच सॉरी."

"जाऊ दे गो, लहान आहेस तू. होतं असं." त्यांनी हात लांबूनच हलवला. "आणि कमल, भाजी झकास झाली होती हं! डबा अगदी चाटूनपुसून साफ केला."

त्यांचं खरं बाहेर काढायचं तर कमलला आधी आपलं खोटं कबूल करावं लागणार होतं, आणि ते ऐकायला पोरगी मधे उभी होती. विमलाताईंना हे पुरतं कळलेलं दिसत होतं.

"थांब हं," म्हणत त्या आत गेल्या आणि आईस्क्रीमच्या चार डब्यांची चळत घेऊन आल्या. "तुझ्या आईसाठी साठवून ठेवलेत. मशरूमला होतील. परत नको करूस."

संघमित्रा ते दोन्ही हातांनी छातीशी धरून घरात घेऊन आली. कित्येक महिन्यांत ती इतकी खुश दिसली नव्हती. "आई, पुढच्या तोडणीला पण काकूंना देऊ या हं. आजीच्याच डब्यात."

"देऊ," कमल म्हणाली. मग तिनं गॅस पेटवला, स्क्रूड्रायव्हर तापत धरला आणि नव्या डब्यांना भोकं पाडायला घेतली.