फ्रेमचं फुगलेलं पोट

मी बोलतेय, पितळेची फ्रेम. लोक फोटो बघतात आणि निघून जातात, म्हणून आधी माझ्याकडे बघा. चारी कडांना वेल, वेलीला पानं, कोपऱ्यात चिमणी. कारागिराचा हात हलला आणि चिमणी तिरळी झाली. त्याची बायको म्हणाली, “ही कुठं बघतेय हो?” तो म्हणाला, “गिऱ्हाइकाच्या खिशाकडे.” अशा घरात जन्मले, मग माझ्या जिभेला हाड कुठून असणार?

एका शिंप्यानं मला घेतलं. पहिला फोटो त्याच्या लेकीचा. पुढचे दात पडलेले. फोटोवाला म्हणाला, तोंड मीट, तर ही आणखीच हसली. पुढं तापानं ती गेली. आईनं मला भिंतीकडे फिरवलं. “हा फोटो माझ्या डोळ्यांसमोर नको.”

शिंप्यानं काचेशी धाकट्या मुलाचा फोटो सरकवला. लेकीचा काढला नाही, मागं तसाच ठेवला. पाठचा भाऊ पुढं आणि ताई मागं. बायकोला बोलला नाही, तिनंही विचारलं नाही. मग शिंपीही गेला.

मुलगा वाढला. त्याची पदवी आली, लग्न आलं, बाळ आलं. दर वेळी नवा फोटो काचेशी, जुने मागं. “राहू देत आत, फोटो हलत नाही,” तो म्हणे. खरं कारण आळस. माझं पोट फुगलं, मागची पट्टी लागेना, तर त्यानं चिकटपट्टी मारली.

“फ्रेम जाड झालीय हो,” त्याची बायको म्हणाली.

“तुझी संगत.”

त्या दिवशी त्याला बिनसाखरेचा चहा मिळाला. मी पोट धरून हसले. पोट होतंच धरण्यासारखं.

मग एक दिवस म्हातारी आई म्हणाली, “मला तुझ्या ताईचा चेहरा आठवेना झालाय रे. एकदा तिचा फोटो बघू दे.”

घर उलटंपालटं केलं. ट्रंक, कपाट, गाद्यांखाली. शेवटी मुलगा वैतागला. “आई, तूच फाडला असशील तेव्हा.”

“मी कशाला फाडीन रे?” ती म्हणाली. पण तेव्हापासून तिची तिलाच खात्री वाटेना. रोज ओल्या फडक्यानं माझी पानं पुसायची आणि पुटपुटायची, “फाडला असेन का गं मी?” फडकं पाठीवरून फिरायचं. लेक एका पुठ्ठ्याच्या अंतरावर. सगळ्या घराची टिंगल करणारी मी, तेव्हा मात्र मुकी.

विचारता विचारताच म्हातारी गेली.

तिचा फोटो लावायला मुलानं मला उघडलं. ओलीनं सगळे फोटो एकमेकांना चिकटून तपकिरी गठ्ठा झालेला. “कुणी एवढा पुठ्ठा कोंबलाय?” स्वतःच कोंबलेलं विसरून त्यानं भाजीची सुरी घातली.

“अहो, बघा तरी काय आहे,” सून म्हणाली.

“पुठ्ठाच आहे गं.” बाळाचा फोटो काचेवर फाटला. “असू दे, मोबाइलमध्ये आहे.” बाकीचा गठ्ठा केराच्या डब्यात, बटाट्याच्या सालांवर.

तुमच्या घरातली एखादी फ्रेम अशीच फुगली असेल, तर हसा खुशाल, पण हलक्या हातानं उघडा. सुरी लावायच्या आधी उलटून बघा. एवढंच मागणं.

आता काचेआड म्हातारी एकटी आहे. पट्टी नीट लागते. परवा शेजारीण म्हणाली, “फ्रेम नवी घेतलीत का? किती छान सपाट बसलीय.”