पान काकूंची कढई

आमच्या छिंगशी गावात देव थोडे आणि बास्केटबॉल फार. भात पोटरीला आला की गावोगावचे सामने सुरू होतात, मग डुकरांना वेळेवर खायला घालायचंही कुणाला भान राहत नाही. मी मूळची साताऱ्याची. शिकायला चीनमध्ये आले आणि वर्गातल्या लोंग चाओयांगशी लग्न करून क्वेइचौच्या या डोंगरात राहिले, त्याला आता पंधरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी पाहुण्या संघाने छान बास्केट टाकली म्हणून मी टाळी वाजवली, तर शेजारी बसलेल्या पान काकूंनी माझे दोन्ही हात धरून मांडीवर दाबले.

"सूनबाई, इथे शहाण्यासारखं वागायचं नसतं," त्या म्हणाल्या.

पान काकू म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी काकू. इकडे बाईचं माहेरचं आडनाव मरेपर्यंत तिचंच राहतं, म्हणून लोंग लोकांच्या गावात त्या एकट्या पान. उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी, पण त्यांची लोखंडी कढई अख्ख्या तालुक्याला ठाऊक. समोरच्या संघाचा खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की काकू कढईवर उलथणं हाणतात, आणि त्यामागोमाग आमच्या बाजूची दोनशे पातेली, झाकणं, घमेली कडाडतात. भल्याभल्यांचे नेम चुकतात. काकूंच्या आधी कुणी वाजवायचं नाही, हा गावचा नियम.

यंदा अंतिम सामना पडला तो पाईरंगशी. पाईरंग म्हणजे काकूंचं माहेर, आणि त्यांचा कप्तान चुनलिन म्हणजे काकूंचा सख्खा भाचा. आईबाप समुद्रकाठच्या कारखान्यात कामाला गेले, तेव्हा हे पोर आठव्या वर्षापासून चार वर्षं आत्याकडेच होतं. काकूंनी डुकरांच्या गोठ्याच्या भिंतीवर एक लोखंडी कडं ठोकून दिलं होतं. पोर नेम धरायचं आणि काकू मागे उभ्या राहून हीच कढई बडवायच्या. "मोठेपणी मैदानावर गोंगाट होणारच, आत्तापासून कान तयार नकोत का?" असं म्हणायच्या. आमची खिडकी गोठ्याकडेच, माझी दुपारची झोप त्यात गेली. पुढेपुढे तर कढई वाजल्याशिवाय पोर चेंडूच सोडेना. आज चुनलिन तेवीस वर्षांचा आहे आणि त्याचा फ्री थ्रो चुकत नाही. लोक म्हणतात, त्याचे कान दगडाचे आहेत. खरं कारण काकू, काका आणि आम्ही नवराबायको, आम्हा चौघांनाच माहीत.

सामन्याच्या सकाळी काकू न्याहारीच्या शेवयांपुढे नुसत्या बसून होत्या.

"वाजवली तर पोराचा नेम लागतो आणि सासर हरतं. नाही वाजवली तर पोर चुकतं. सूनबाई, कुठलं पाप करू?"

"मी काय सांगणार, काकू?"

"तुझ्या साताऱ्याचा संघ आला असता इथे, तर काय केलं असतंस?"

"गप्प बसले असते."

"हं," काकू म्हणाल्या आणि कढई उचलून निघाल्या.

मैदान खचाखच भरलं होतं. झाडांवर माणसं, छपरांवर माणसं. जिंकणाऱ्याला लाल फेटा बांधलेला बैल आणि हरणाऱ्याला मेंढा. बैल इतका शांत उभा होता, जणू त्याला निकाल आधीच कळला होता. पाईरंगच्या बाकी पोरांच्या फ्री थ्रोला काकूंनी अशी काही कढई बडवली की तीन नेम चुकले. चुनलिनला मात्र संधीच मिळाली नव्हती.

चार सेकंद उरले, गुण बरोबरीत, आणि आमच्या पोराने चुनलिनला ढकललं. दोन फ्री थ्रो!

दोनशे माणसांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी उलथणं वर केलं आणि मग हळूच मांडीवर ठेवून दिलं. त्या वाजवत नाहीत म्हणून कुणीच वाजवलं नाही. पंधरा वर्षांत मी त्या मैदानावर अशी शांतता ऐकली नव्हती. चुनलिन चेंडू आपटत राहिला, थांबला, मान वळवून आमच्या बाजूला कुणाला तरी शोधू लागला. मग चेंडू सोडला. कड्याला लागून बाहेर!

आमची बाजू वेडी झाली. संघ सांभाळणारा देशंग खाटीक धावत आला. "काकू, काय डोकं लावलंत! आता पुन्हा असंच. कुणी शिंकायचंसुद्धा नाही!"

काकूंनी मान डोलावली. चुनलिनने पुन्हा आमच्याकडे पाहिलं. आणि एवढ्यात खणाण्! मग खण खण खण, एकट्या काकू, उभ्या राहून, उलथण्याचा दांडा वाकेपर्यंत. चुनलिन हसला. चेंडू कड्याला न शिवता आत गेला.

उरलेल्या चार सेकंदांत आमचा चेंडू कड्यापर्यंत पोचलाच नाही, आम्ही हरलो. पाईरंगचे लोक मैदानात घुसले आणि आमची अख्खी बाजू काकूंकडे वळली.

"काकू! गप्प बसा म्हणालो होतो ना!" देशंग ओरडला.

"मैदानावर वाजवायची एकवीस वर्षांची सवय रे. हात आपोआप उठला."

वर्षाकाठी दहा वाक्यं बोलणारे काका तेवढ्यात म्हणाले, "हिचा हात थांबत नाही, मला विचारा." त्यावर अशी खसखस पिकली की देशंगलाही हसू आवरेना. काकूंना शिक्षा झाली, भाताच्या दारूचे तीन वाडगे. त्यांनी चार प्यायले.

संध्याकाळी चुनलिन बैल घेऊन थेट काकूंच्या अंगणात आला आणि गोठ्याच्या त्याच भिंतीशी बांधला. आमच्या मेंढ्याचं कालवण दोन्ही गावांनी एका पंगतीत ओरपलं.

"आत्या, पहिल्या फ्री थ्रोच्या वेळी हात दुखत होता का गं?" त्याने विचारलं.

"जेव गपचूप," काकू म्हणाल्या आणि त्याच्या वाडग्यात मटणाचा मोठा तुकडा टाकला.

मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "सूनबाई, तुझा साताऱ्याचा संघ आलाच कधी, तर गप्प बसू नकोस. मी बसून बघितलं. माझं पोर शाळेतून आलंय आणि घरात मीच नाहीये, असं बघत होतं गं ते."