साइव्हच्या वाटणीची भुतं

आमच्या साइव्हला, माझ्या लेकीला, दूध, अंडं आणि बदाम-काजूसारखं काहीच चालत नाही. चालत नाही म्हणजे नुसतं पुरळ उठत नाही, घसा सुजून श्वास कोंडतो. अगदी लहान असताना कुणाच्या तरी वाढदिवसाचं क्रीम तिच्या बोटाला लागलं, ते बोट तिनं चोखलं आणि आम्ही तिला उचलून हॉस्पिटलात धावलो. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये इंजेक्शनचं पेन असतं आणि डोक्यात कायम धास्ती.

हॅलोविन तर मला नकोच वाटायचा. किलीबेग्ज या मासेमारीच्या गावात बंदराच्या वरच्या अंगाला आमची गल्ली आहे. त्या संध्याकाळी पोरं भुताखेतांचे वेष करून दारोदार फिरतात आणि शेवटी कन्सेप्टा मॅगिन्लींच्या घरी जमतात. कन्सेप्टा सत्तरीच्या, बोलायला तिखट. त्यांच्या टेबलावर भुतं, कापलेली बोटं, थडगी, असं सगळं मांडलेलं असतं आणि ते सगळं खायचं असतं. पोरं तुटून पडायची. साइव्ह हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि मी डब्यातून नेलेली बिस्किटं खायची. मागच्या वर्षी घरी येताना ती म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी नाही येणार. मला भुतांची भीती वाटते."

भीती कसली! माझी पोर सातव्या वर्षीच मला सांभाळून घ्यायला शिकली होती.

या ऑक्टोबरात एका दुपारी कन्सेप्टा माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"मूरन, तुझं कपाट उघड. साइव्हला चालणारी पाकिटं मला बघायची आहेत."

मला कळलं आणि माझा आवाज चढला. "कन्सेप्टा, तुम्ही प्रेमानं म्हणताय, पण तिला वेगळी प्लेट नको. नावाची चिठ्ठी लावलेली प्लेट दिसली की ती तोंड पाडते. त्यापेक्षा आमचा डबा बरा."

"वेगळी प्लेट कोण म्हणालं?" त्या खुर्चीत बसल्या. "सगळ्यांना एकच. अख्खं टेबल तिला चालेल असं करायचं. बाकीच्या पोरांना कळायचंही कारण नाही."

"अंड्याशिवाय तुमची भुतं उभी कशी राहणार?"

"ते माझं मी बघते. तू कपाट उघड."

कन्सेप्टांची भुतं म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा साखरेबरोबर केलेला फेस, मंद भट्टीत वाळवलेला. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की डबाबंद उकडलेल्या काबुली चण्यांचं पाणीही तसंच फेसाळतं. पुढच्याच आठवड्यात त्यांचे यजमान पॅकी कुंपणावरून मला हाक मारायला लागले. जन्मभर मासेमारी केलेला माणूस, चेहरा रडवेला.

"मूरन, पाणी ती भुतांना घालते आणि चणे मला! सकाळी चणे, दुपारी चणे. काल चहाबरोबर चणे होते."

"आणि भुतं?"

त्यांनी एक बशी पुढे केली. त्यात पांढरं काहीतरी पसरलं होतं. "हे भूत म्हणे. आमच्या बोटीवर समुद्रपक्षी रोज असली भुतं सोडायचे."

"पॅकी, मला ऐकू येतंय!" आतून आवाज आला.

पण एक दिवस भुतं उभी राहिली. साखर अगदी थोडी थोडी घालायची आणि तोवर फेटणं थांबवायचं नाही, हे कन्सेप्टांना उमगलं. मग त्यांनी मला मदतीला बोलावलं. आधीच्या दुधा-अंड्याचा अंश नको म्हणून जुने लाकडी चमचे त्यांनी बाजूला टाकले होते, नवे ट्रे आणले होते, ओटा दोनदा घासला होता. बोटांच्या बिस्किटांना पूर्वी बदामाची नखं असायची. आता आम्ही सफरचंदाच्या लाल सालीची लावली आणि बुडाशी जॅमचं रक्त. जेलीत द्राक्षांचे डोळे सोडले. चहात भिजवलेल्या मनुकांचा ब्रॅक नावाचा गोड पावही बिनअंड्याचा झाला, त्यात रिवाजाप्रमाणे अंगठी लपवली; ती ज्याच्या घासात निघेल त्याचं लग्न ठरतं म्हणे. सगळ्यांत मोठं काम दफनभूमीचं: पसरट ट्रेमध्ये बिनदुधाचं चॉकलेटचं पुडिंग, वर बिस्किटांच्या चुऱ्याची माती, मातीत रोवलेली बिस्किटांची थडगी.

हॅलोविनच्या दुपारी ट्रे तयार झाला. मी कचरा आवरत होते आणि सवयीनं चुऱ्याच्या बिस्किटांचं पाकीट उलटून वाचलं. कंपनी तीच, रंग तोच. पण हे पाकीट नवं होतं आणि त्यावर एक ओळ वाढली होती: दुधाचा अंश असू शकतो.

मी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. पॅकी म्हणाले, "दुकानातून मीच आणलं गं. चष्मा नव्हता लावला."

"असू द्या," मी म्हटलं. "एवढा एक ट्रे साइव्ह नाही खाणार. मी सांगते तिला. तिला सवय आहे."

कन्सेप्टांनी ट्रे उचलून पॅकींच्या हातात दिला. "बंदरावर ने. तुझे मित्र थडगीसुद्धा चाटून खातील. येताना तिला चालणारं पाकीट आण, आणि चष्मा लावून जा."

"कन्सेप्टा, पोरं यायला किती थोडा वेळ राहिलाय!"

"तिला सवय आहे म्हणतेस ना? तेवढ्यासाठीच. आठ वर्षांच्या पोरीला असली सवय कशाला हवी? चल, ओटा घास."

आम्ही पुन्हा सगळं घासलं, पुन्हा पुडिंग ढवळलं. शेवटचं थडगं रोवत होतो तेव्हा पहिली चेटकीण दार वाजवत होती.

साइव्ह वटवाघूळ होऊन आली होती, तीही मी गळ घातली म्हणून. टेबलाजवळ येऊन तिनं हात पाठीमागे नेले आणि हळूच विचारलं, "मिसेस मॅगिन्ली, यातलं माझं कुठलं?"

"सगळं," कन्सेप्टा म्हणाल्या.

साइव्हनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तरी ती हलेना. "बोटंपण? भुतंपण?"

"मूरन, या पोरीला जरा कमी ऐकू येतं का गं? सगळं म्हणजे सगळं! आणि लवकर घे, तो सांगाडा तीन भुतं घेऊन पळालाय."

मग तिनं एक भूत उचललं आणि डोकं कडकन चावून खाल्लं. मग बोट, मग डोळे. तोंडभर चॉकलेटची माती लावून ती बाकीच्या पोरांत धक्काबुक्की करायला लागली. अंगठी निघाली पॅकींच्या घासात. "आता दुसरं लग्न करावं लागणार," ते म्हणाले. "कर बाबा, तिला चणे आवडतात का तेवढं विचारून घे," कन्सेप्टा म्हणाल्या.

मला तिथं उभं राहवेना. मी मोरीत जाऊन नळ सोडला. थोड्या वेळानं कन्सेप्टा मागून आल्या. मी वळून त्यांचे दोन्ही हात धरले.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या, पण हात सोडवून घेतले नाहीत. "तू टोपं घास, मी पुसते."

घरी आल्यावर साइव्ह कोचावर आडवी झाली आणि पोट धरून कण्हायला लागली. मी घसा पाहिला, श्वास ऐकला, अंग तपासलं. काही नव्हतं. तेवढ्यात डोनलचा, माझ्या नवऱ्याचा, बोटीवरून फोन आला.

"साइव्हचं पोट दुखतंय," मी म्हटलं.

"काय खाल्लं तिनं? पेन दिलंस का?"

"अरे, तसलं नाही. हावरटासारखं खाल्लंय. बाकीच्या पोरांचं दुखतं ना, तसं दुखतंय."

तो म्हणाला, "तिच्याकडे दे. मला तिचं रडगाणं ऐकायचंय."